कुशीवरचा पट्टा

दाजी : हे आडवं आहे?

धाकटा : याहून आडवं केलं तर जमिनीत जाईल, दाजी.

दाजी : मेव्हणे, मी आडवं सांगितलं होतं.

धाकटा : आडवंच केलंय.

दाजी : हे आडवं नव्हे.

धाकटा : ताई, तू सांग. उभं की आडवं?

ताई : मला मध्ये ओढू नका. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मी मेटाकुटीला आलेय. चहा स्टुलावर ठेवलाय, लोखंडाचा भुगा पडायच्या आत प्या.

दाजी : अगं, बघून तरी सांग. नवरा तुझा, भाऊ तुझा. न्याय काय शेजारच्या रंगाऱ्यानं करायचा?

ताई : रंगाऱ्याचं नाव काढू नका. तो दोनदा डोकावून गेला, उद्या ही खोली त्याच्या ताब्यात गेली की रंगाचे डबे कुठल्या भिंतीला लावायचे ते बघायला. काय सांगू? टेबल आहे. टेबलावर दोन चाकं. चाकांवरून वाळूकागदाचा पट्टा, अंथरूण घातल्यासारखा. झालं? जाऊ?

धाकटा : ऐका. अंथरूण म्हणाली. अंथरूण आडवंच असतं.

दाजी : मला पातं घासायचंय, झोपायचं नाहीये.

धाकटा : मला झोपायचंय. रोज दिवसभर लोकांची गेटं जोडायची आणि मग रात्री घरी न जाता हे. बायको विचारते, दुसरा संसार थाटलाय का? म्हटलं हो. लोखंडाचा आहे, आणि तोही भांडतो.

दाजी : बरं, वाद नको. चालू करा. ते कच्चं पातं द्या इकडे. नाही, ते नव्हे, ते लांब. माझी खुर्ची जरा पुढे घ्या. हां. आता बघा, मी पातं पट्ट्यावर ठेवलं. ठिणग्या उडतायत?

धाकटा : उडतायत.

दाजी : कुठं?

धाकटा : पात्याच्या खाली.

दाजी : आणि मला वरून काय दिसतंय?

धाकटा : पात्याची वरची बाजू.

दाजी : म्हणजे जी घासायची नाही ती! घासतंय ते खाली, दिसतंय ते वर. बंद करा. हे बघा, टोक गेलं. कागदासारखं पातळ झालं, आणि मला पत्ता नाही. हे म्हणजे पाठ करून बसलेल्या माणसाची दाढी करण्यासारखं आहे.

धाकटा : हाताला कळत नाही? तुम्हीच सांगता ना, डोळे मिटून धार लावायचो म्हणून.

दाजी : सांगण्याची गोष्ट वेगळी.

ताई : हे बरंय. चाळीस माणसांना सांगितलंय तुम्ही ते.

दाजी : त्यातली निम्मी माझीच सुरी घेऊन गेली आणि सुखात आहेत. त्या लग्नाच्या आचाऱ्याला दिली होती, आठवतंय? आठवड्यानं भांडत आला. म्हणे, कसली सुरी दिलीत, भोपळ्यावरून फिरवली तर भोपळा आहे तसाच. म्हटलं, घरी जा आणि भोपळा हलवून बघ. हलवला तर फोडी घरंगळल्या. कापलेलं भोपळ्यालाच कळलं नव्हतं.

धाकटा : मागच्या वेळी कलिंगड होतं.

दाजी : तो दुसरा आचारी.

ताई : धाकट्या, त्यांना गोष्टीत शिरू देऊ नकोस, संध्याकाळ होईल. उद्या सकाळी लेक आम्हाला तिच्याकडे न्यायला गाडी घेऊन दारात उभी राहणार आहे. अहो, मी काय बोलले होते ते लक्षात आहे ना?

दाजी : आहे.

ताई : म्हणा बघू. धाकट्यासमोर म्हणा, नंतर शब्द फिरवायला नको.

दाजी : एक पातं. दोन्ही बाजू सारख्या. माझ्या हातचं म्हणून ओळखू येईल असं. बसून काढायचं, उभं राहायचं नाही. ते निघालं तर तू बॅगा उघडणार. नाही निघालं तर मी तोंडातून ब्र न काढता गाडीत बसणार.

ताई : आणि रंगाऱ्याला किल्ली.

दाजी : आणि रंगाऱ्याला किल्ली.

धाकटा : ताई, एक विचारू? जुनं मशीन ते कोपऱ्यात चादरीखाली उभं आहे. त्याचे पाय कापून खाली घेतलं, तर हे खुर्चीत बसून त्याच्यावरच नाही का करू शकत? हा सगळा खटाटोप हवाच कशाला?

ताई : केलंय ते करून. चार विटा काढून खाली घेतलं होतं मी आणि रंगाऱ्यानं. त्या मशीनचा पट्टा वरून खाली धावतो. हे उभे असायचे तेव्हा ठिणग्या पायाशी पडायच्या. खुर्चीत बसल्यावर पायाशी काय आहे? मांडी. पँट जाळली, पांघरूण जाळलं, आणि वर मला म्हणतात, ऊब छान येते.

दाजी : येत होती.

ताई : नवीन खुबा बसवलेला माणूस पेटला असता तर डॉक्टरांना काय सांगणार होते मी?

दाजी : त्यांना काहीही सांगितलं तरी चालतं. मी त्यांना सांगितलं की हातातून सुरी निसटली, ती खाली एका मांजरावर पडणार होती, म्हणून झेप घेतली. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं दुर्मीळ.

ताई : पायपुसण्यावरून घसरलात.

दाजी : पायपुसण्यावर मांजर होतं.

ताई : आपल्याकडे मांजर नाही!

धाकटा : चहा थंड झाला. दाजी, सरळ सांगा. तुम्ही फोन केलात तेव्हा मला काय म्हणालात? शब्द न् शब्द सांगतो. म्हणालात, मेव्हणे, उभ्याचे दिवस संपले, मला आता मशीन आडवं करून द्या, अगदी माझ्यासारखं आडवं. म्हणालात की नाही?

दाजी : म्हणालो.

धाकटा : त्याआधी दोन दिवस मी दवाखान्यात येऊन गेलो होतो. तुम्ही कसे पडला होतात? पाठीवर. नाक छताकडे, पाय सरळ, दोन्ही बाजूंना उश्या. तेच डोळ्यांसमोर ठेवलं मी. पट्टा सपाट, तोंड वर. याच्यात माझी चूक काय?

दाजी : चूक अशी की ते तसं नाही.

धाकटा : मग कसं ते सांगा ना! सकाळपासून नुसतं हे नव्हे, हे नव्हे. कागदावर काढा म्हटलं तर तुम्ही जे काढलंत ते मला झोपलेल्या बकरीसारखं दिसतंय. मी वेल्डर आहे, मनकवडा नाही.

दाजी : हातात आहे ते तोंडात येत नाही, मेव्हणे. मला पट्टा समोर हवा. पण वरून खाली नको. ठिणग्या बाजूला जायला हव्यात. मी वरून बघितलं की धार दिसली पाहिजे. आता याला आडवं नाही तर काय म्हणायचं?

धाकटा : समोर म्हणजे उभं!

दाजी : उभं नव्हे!

धाकटा : मग मी घरी जातो. खरंच जातो. माझे डोळे चुरचुरतायत, पाठ धरलीय, आणि कामं खोळंबलीत ती वेगळीच. ताई, उद्या सामान चढवायला येईन मी. हे राहू दे असंच. रंगाऱ्याला डबे ठेवायला उपयोगी पडेल.

ताई : थांब.

धाकटा : नको ताई, पुरे झालं.

ताई : थांब म्हणते ना. उताणं पडलंय ते.

धाकटा : काय?

ताई : मशीन. तू त्याला उताणं पाडलंयस. त्यांना ते कुशीवर हवंय.

दाजी : पुन्हा बोल.

ताई : काय पुन्हा बोल? पट्टा पाठीवर झोपलाय, तोंड छताकडे करून. त्याला कुशीवर वळवा. म्हणजे तोंड खुर्चीकडे येईल. धावेल आडवाच, इकडून तिकडे. पण तुमच्या समोरून.

धाकटा : म्हणजे चाकं टेबलावर ताटं मांडल्यासारखी... थांब, थांब. चाकाचा आस उभा. पट्ट्याची एक कड टेबलाकडे, दुसरी वर. मोटर टेबलाच्या खाली, तिचं तोंड वर.

दाजी : आणि पट्ट्यामागे ती सपाट लोखंडी पट्टी आहे, तीही भिंतीसारखी उभी! तिच्यावर पातं टेकायचं. कोपर टेबलावर. धार वर. वरून बघितलं की सगळी धार दिसणार. अगं, हेच तर मी सकाळपासून सांगतोय!

ताई : कुठं सांगताय? आडवं, आडवं, एवढंच चाललंय. तीन महिने माणूस अंथरुणात फिरवलाय मी. आडवं म्हणजे एक नसतं, हे मला विचारा. उताणं वेगळं, पालथं वेगळं, कुशीवर वेगळं. डाव्या कुशीवर वेगळं आणि उजव्या कुशीवर वेगळं, कारण उजवीकडं टाके होते.

धाकटा : पण फोनवर तर...

ताई : फोन ह्यांच्या कानाला मी धरला होता. त्या वेळी ह्यांना कुशीवर वळवून मी दुसऱ्या हातानं पाठीला पावडर लावत होते. माझ्यासारखं आडवं म्हणाले तेव्हा हे डाव्या कुशीवर होते. तुला कुठून दिसणार ते!

धाकटा : घ्या. म्हणजे मी दोन दिवस आधीचा दाजी जोडत बसलो.

दाजी : आणि तो दाजी नेमका उताणा.

धाकटा : ताई, तुला हे केव्हा कळलं?

ताई : सोड आता.

धाकटा : नाही, केव्हा? आत्ता?

ताई : सकाळी. तू हे टेम्पोतून उतरवलंस तेव्हाच.

दाजी : सकाळी? आणि आता दुपार कलली. आम्ही दोघं इथं एकमेकांच्या उरावर बसलोय, आणि तू आपली भांडी गुंडाळतेयस?

ताई : हो. गुंडाळतेय. म्हटलं, राहू दे उताणंच.

धाकटा : मी मोटरचे बोल्ट काढतो. तुम्ही बोला. मला ऐकू येत नाही.

दाजी : तुला इतकं जायचंय तिकडे?

ताई : कोण म्हणतं जायचंय?

दाजी : मग?

ताई : मला झोपायचंय हो. कुठंही. रात्री तुम्ही हलला की मी उठते, नाही हललात तरी उठते, का हलले नाहीत म्हणून. लेकीकडे निदान दुसरं कुणी उठेल असं वाटलं. एवढंच. त्यापायी तुमचं मशीन सुटतं, तुमची पाती सुटतात, तुमचं हे सगळं दुकान सुटतं, त्याला माझा इलाज नाही.

दाजी : तिकडे मी काय करणार, सांग. मला सकाळी बाल्कनीत ठेवतील उन्हात, आणि ऊन तापलं की आत घेतील. कुंडीसारखं. पाणी घालतील वेळेवर, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ताई : कुंडी बोलत नाही. तुम्ही शेजाऱ्यांना भोपळ्याच्या गोष्टी सांगाल.

दाजी : हातात सुरी नसताना भोपळ्याची गोष्ट सांगितली तर ती थाप होते गं.

ताई : आणि असताना?

दाजी : असताना ती जाहिरात असते.

धाकटा : दाजी, हसू नका, टेबल हलतंय. एक अडचण आहे.

दाजी : बोला.

धाकटा : मोटरचं तोंड वर आलं की लोखंडाचा सगळा भुगा तिच्या तोंडात जाणार. आठवड्यात बेअरिंग घरघरायला लागेल. वर काहीतरी टोपी हवी. आसावर बसेल अशी, गोल, पसरट, मधोमध भोक पाडता येईल अशी. पातळ पत्रा. अशी एखादी वस्तू...

ताई : तू माझ्या डब्याकडे का बघतोयस?

धाकटा : डब्याकडे नाही बघत.

ताई : झाकणाकडे बघतोयस. तो माझा पिठाचा डबा आहे, नुकता धुऊन ठेवलाय, उद्या त्यात कपबश्या भरायच्यात.

धाकटा : माप तंतोतंत आहे, ताई.

ताई : पायपुसणं गेलं, पांघरूण गेलं, आता डबा. ने. ने बाबा. नवरा दिला तेव्हाच सगळं दिल्यासारखं आहे.

दाजी : आणि पट्टा खाली घसरला तर, मेव्हणे? आता त्याला खालून आधार कुणाचा?

धाकटा : नाही घसरत. चाकाला मध्ये पोट ठेवलंय, अगदी किंचित. पट्टा धावायला लागला की आपोआप पोटावर चढून बसतो.

दाजी : माझ्या पँटचा पट्टा पोटावरून खालीच घसरतो.

धाकटा : तुमचं चाक बंद असतं म्हणून. मध्यावर नाहीच आला तर हा स्क्रू आहे, तो पिळला की पलीकडचं चाक जरासं कलतं आणि पट्टा जागेवर येतो. ताण द्यायला स्प्रिंग आहे. जुन्या दाराची होती.

दाजी : स्प्रिंग नीट बसवा. जुन्या मशीनवर माझा एक पट्टा सुटला होता, तो खिडकीतून बाहेर गेला तो अजून परतला नाही. पावसाळी हवेत कधीतरी छपरावरून सूंऽऽ आवाज जातो, तो तोच.

ताई : ते विमान असतं.

दाजी : तुला विमान वाटतं, कारण तू कधी त्याला घासकाम दिलं नाहीस.

धाकटा : झालं. वळवलं. ताई, जरा टेबल धर. हां. डाव्या कुशीवर आहे ना नीट?

ताई : उशी दे एक खाली, हलतंय.

धाकटा : लाकूड चालेल?

ताई : यांच्या उश्यांपेक्षा मऊच असेल. दे.

धाकटा : चष्मा लावा, दाजी. पट्टा आता पात्याच्या लांबीत धावणार. पूर्वी पातं रुंदीत घासायचात, आता लांबीत. सवय नाही, हे लक्षात ठेवा. मुठीकडून टोकाकडे जाऊ दे पट्टा. मूठ उजव्या हातात, टोक डावीकडे. उलट झालं तर टोक पट्ट्यात शिरेल आणि पातं हातातून उडेल. करतो चालू.

(मशीन सुरू होतं. दाजी पातं पट्ट्यावर टेकवतात.)

धाकटा : पोटावर बसला बघ पट्टा. हलत नाही.

ताई : हळू बोल. त्यांचं लक्ष जाईल.

धाकटा : त्यांना काही ऐकू येत नाहीये आता. ठिणग्या बघ कशा भिंतीकडे चालल्यात. मांडी शाबूत.

ताई : मांडी नको बघूस, हात बघ. उजवा हात थरथरतो त्यांचा. मला सांगत नाहीत, पण कपातला चहा सांगतो.

धाकटा : आत्ता थरथरत नाहीये.

ताई : नाही ना?

धाकटा : कोपर टेकलंय टेबलावर. उभ्या मशीनला कोपर टेकायला जागाच नव्हती.

ताई : तोंड उघडं आहे त्यांचं. नीट काम चाललं की त्यांचं तोंड उघडं राहतं. दवाखान्यात बंद असायचं, दात आवळून. झोपेतसुद्धा. मी बघत बसायचे ते.

धाकटा : ताई, तू रडतेयस का?

ताई : भुगा गेला डोळ्यात. चष्मा एकच आणलास तू.

दाजी : बंद करा.

धाकटा : काय झालं? लागलं?

दाजी : नाही. झाली. ही बाजू झाली. अगं, इकडे ये. उजेडात धर. मधे कुठं लाट आहे का बघ. बोट नको लावूस, नुसती नजर फिरव मुठीपासून टोकापर्यंत.

ताई : सरळ आहे.

दाजी : नीट बघ. मला खूश करायला सांगू नकोस.

ताई : तुम्हाला खूश करण्याइतकी शक्ती राहिलीय का माझ्यात? सरळ आहे म्हटलं ना. रेषा लांबीत पडल्यात, केस विंचरल्यासारख्या. टोकाशी जराशी जाड राहिलीय.

दाजी : ती मुद्दाम ठेवलीय.

ताई : मग सरळ आहे.

धाकटा : आता दुसरी बाजू, दाजी. उजेड आहे तोवर उरकून टाका.

दाजी : दुसरी बाजू... असं आहे मेव्हणे, पातं उलटं केलं की मूठ डाव्या हातात येणार.

धाकटा : बरं.

दाजी : आणि टोक उजवीकडे.

धाकटा : बरं. म्हणजे पट्टा... अरे देवा. पट्टा टोकाकडून मुठीकडे येणार. टोकात शिरणार.

दाजी : शिरणार. आणि पातं माझ्यावर येणार.

ताई : मग मूठ उजव्या हातातच ठेवा आणि पातं पालथं करा. धार खाली. तेवढं मलाही कळतं.

दाजी : धार खाली गेली की दिसणार कशी? मग पुन्हा तेच झालं, घासतंय ते खाली.

धाकटा : यावर इलाज एकच. मोटर उलटी फिरवायची. एक बाजू अशी, दुसरी बाजू तशी. त्याला उलटसुलट फिरवायचं बटण मिळतं, पण ते माझ्याकडे नाही. विजेच्या सामानाचं दुकान आज बंद. उद्या उघडेल.

ताई : उद्या.

धाकटा : दहाच्या पुढे. घेऊन येतो, जोडायला वेळ लागत नाही. पण उद्या तर तुम्ही...

ताई : अहो. इकडे बघा माझ्याकडे. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?

दाजी : काय?

ताई : की दुसऱ्या बाजूला पट्टा उलटा लागणार. की आज पातं पूर्ण होणारच नाही, काही केलं तरी. आणि अर्ध्या पात्यावर मी काय बोलणार, तेही तुम्हाला माहीत होतं.

दाजी : पहिली बाजू अर्धी झाली तेव्हा लक्षात आलं.

ताई : खरं?

दाजी : खरं. गोष्ट रचायची तर मी याहून बरी रचली असती.

धाकटा : तेही खरंच आहे, ताई.

ताई : तू गप्प बस. ठरलं काय होतं? दोन्ही बाजू सारख्या.

दाजी : हो. ठरल्याप्रमाणे मी हरलो. मी काही बोलणार नाही. रंगाऱ्याला हाक मारा, किल्ली त्या खिळ्याला आहे. मशीनवर एखादा कपडा मात्र घालायला सांगा त्याला, रंग उडतो फार.

ताई : एवढं सरळ कधीपासून बोलायला लागलात?

दाजी : दमलो गं.

धाकटा : काय म्हणाले?

ताई : दमलो म्हणाले.

धाकटा : दाजी? तुमच्या लग्नात मी लहान होतो, तेव्हापासून ओळखतो तुम्हाला. हा शब्द नव्हता कधी तुमच्याकडे.

दाजी : असेल कुठंतरी तळाशी पडलेला. चांगलं दमलोय, मेव्हणे. ते अंथरुणात दमायचो ना, तसं नाही. बोटांत दमलोय. मनगटात दमलोय. कुणी आता भात कालवून भरवला तरी चालेल, असं दमलोय.

ताई : भरवायला मी नाही बसलेय.

दाजी : तुला कोण म्हणतंय?

ताई : हे पातं कुठं ठेवू?

दाजी : दे रंगाऱ्याला. डब्यांची झाकणं उघडायला होईल.

ताई : काहीतरी बोलू नका. धाकट्या, ते टेबल उद्या इथंच राहील, या खिडकीपाशी. उजेड बरा आहे इथं. आणि माझा फोन दे, त्या गुंडाळलेल्या कपबश्यांच्या वर आहे बघ.

धाकटा : कुणाला लावतेस?

ताई : लेकीला. हं, हॅलो. अगं, मी बोलतेय. नाही, नाही, पडलं नाही कुणी, घाबरू नकोस. ऐक, उद्या तू ये, पण न्यायला नको येऊस. राहायला ये. चार दिवसांचे कपडे घेऊन ये. का म्हणजे? मला झोपायचंय, म्हणून. रात्री तू त्यांच्याजवळ झोप, मी वरच्या खोलीत दार लावून झोपते. बॅगा? असू देत भरलेल्या, काढीन सावकाश. हे? इथंच बसलेत, मशीनपाशी. नाही गं, बरे आहेत. हात काळे आहेत. चालतं, चालतं की मशीन. मामानं केलंय चांगलं. पातं? हो, आहे माझ्या हातात. नाही अजून. एक बाजू झालीय. एक राहिलीय.